कुत्रा, कोंबडी आणि कलम अकरा

रविवारी सकाळी तळजाईवर कुत्रा फिरवून परतणारी मंडळी वाटेत चिकन सेंटरसमोर हमखास थांबतात. घरासाठी एक किलो, कुत्र्यासाठी पाव किलो बोनलेस. त्याचं पोट बिघडलं तर रात्री अकराला पशुवैद्याला फोन जातो. दुकानातल्या जाळीत दाटीने बसलेल्या कोंबड्यांकडे मात्र कुणाची नजर वळत नाही.

याला दांभिकपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यामागे मनाची एक सवय आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2010 मध्ये एक साधा प्रयोग केला. काही जणांना सुकवलेलं गोमांस खायला दिलं, काहींना काजू. नंतर प्राण्यांविषयी प्रश्न विचारले. मांस खाल्लेल्यांना गाय आपल्या काळजीस तुलनेने कमी पात्र वाटली. म्हणजे आधी आपण खातो आणि मग त्या जिवाला मनातून थोडं खाली उतरवतो.

कोंबडी मठ्ठ असते, ही समजूतही याच सोयीतून आलेली. इटलीतल्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं की अवघ्या काही दिवसांची पिल्लंही पडद्याआड लपवलेल्या वस्तूंपैकी जास्त वस्तू कुठे आहेत ते ओळखतात, मधेच त्यातल्या काही इकडून तिकडे हलवल्या तरी. ब्रिस्टॉलमध्ये पिल्लांच्या अंगावर हवेचा झोत सोडला तेव्हा बघणाऱ्या आईच्या हृदयाचे ठोके वाढले. तिला माणसासारखं दुःख होतं, असं यावरून म्हणता येणार नाही. काहीच होत नाही, असंही म्हणता येणार नाही.

पुण्याला हा विषय परका नाही. अंड्याचे भाव ठरवण्यात उत्पादकांना आवाज मिळावा म्हणून 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, ती इथल्याच डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने. स्वस्त प्रथिनं सामान्य घरात पोचली, हे या व्यवसायाचं मोठं काम आहे आणि ते नाकारून चालणार नाही. पण त्या स्वस्ताईची किंमत कोण मोजतं? ब्रॉयलर पक्षी सहा आठवड्यांत दोन किलोंच्या घरात जातो. अनेकांचे पाय ते वजन पेलू शकत नाहीत. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, पिंजऱ्यातली लेअर तीनशेच्या आसपास. ए-फोर कागदाचं क्षेत्रफळ सुमारे 624 चौरस सेंटीमीटर असतं. पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला त्याहूनही कमी जागा येते. तिथे पंखही पसरता येत नाहीत. (अंडी खाणाऱ्या ‘शाकाहारीं’नाही एक गोष्ट ठाऊक असावी: लेअर जातीची नर पिल्लं अंडी देत नाहीत, म्हणून उबवणी केंद्रातच मारली जातात.)

इतक्या दाटीत रोग पसरतो, म्हणून औषधं आली. माणसावर शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन हे प्रतिजैविक कोंबड्यांच्या खाद्यातही वापरलं जाई. सरकारने 2019 मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्यावर बंदी घातली. औषधाला न जुमानणारे जंतू खुराड्यापुरते राहत नाहीत, अतिदक्षता विभागातही पोचतात.

कायद्याला मात्र आपल्यासारखी आवडनिवड नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 कुत्र्याला आखूड साखळीने तासन्‌तास बांधण्याला गुन्हा ठरवतं, तसंच कुठल्याही प्राण्याला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडण्याला किंवा वेदना होतील अशा रीतीने वाहून नेण्यालाही. खाण्यासाठी मारायला मुभा आहे, अनावश्यक वेदना द्यायला नाही. स्कूटरला पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या आपण रोज पाहतो. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये; एवढ्यात अर्धा किलो चिकनही येत नाही.

मांसाहार सोडायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आषाढात ताव मारून श्रावणात पाळणाऱ्यांना तो नव्याने समजावण्याची गरज नाही. पण खाणाऱ्यालाही काही करता येतं. पिंजऱ्याबाहेर वाढलेल्या कोंबड्यांची अंडी आता पुण्यातल्या दुकानांत मिळतात, थोडी महाग पडतात. आठवड्याला दोन अंडी कमी खाल्ली तर खर्च जुळतो. आणि चिकनवाल्याला विचारून बघा, पक्षी कुठून आणि कसे येतात. कुत्र्याच्या खाद्याचं पाकीट घेताना मागची बारीक अक्षरं आपण वाचतोच की.