बॅटरीची किंमत आणि बॅटरीची मुदत



बॅटरीचा भाव हा काय व्याख्यानमालेत मांडावयाचा विषय आहे, अशी शंका आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आली असेल. भाव दुकानात विचारावा, पटला तर माल घ्यावा, न पटला तर पुढचे दुकान गाठावे. त्यात समजून घेण्यासारखे काय आहे? तयार मालाच्या बाबतीत हे खरे आहे. परंतु आपल्या गरजेप्रमाणे मुद्दाम बनवून घ्यावयाच्या बॅटरीला हा न्याय लागू पडत नाही. तिची किंमत आणि ती हातात पडण्याची मुदत कशी ठरते हे ज्याला समजत नाही, तो एक तर नाडला जातो, किंवा घासाघीस करून आपल्याच माणसांच्या हाती धोक्याची वस्तू देतो. हे दुसरे पहिल्यापेक्षा वाईट.

मी कामगार संघटनेत काम करणारा माणूस आहे. इंजिनिअरिंगच्या कॉलेजाची पायरी मी चढलेलो नाही. कारखान्यांत विचारून, पुस्तके चाळून आणि कोटेशने वाचून जे समजले, तेच आपल्यापुढे ठेवणार आहे. मात्र एक सवय आमच्या कामात अंगी बाणते. मालक म्हणाला, ‘परवडत नाही’, की आम्ही म्हणतो, ‘हिशेब दाखवा’. बॅटरीच्या व्यापाऱ्यालाही हाच प्रश्न विचारावयाचा आहे.

एक उदाहरण घेऊन चालू. समजा, एखाद्या बाजारपेठेतील हमालांच्या सहकारी संस्थेने आपल्या २०० हातगाड्यांना विजेची मोटर बसवावयाचे ठरविले. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ साली झाला आणि हमालाच्या मजुरीला, भविष्यनिर्वाह निधीला कायद्याचा आधार मिळाला. पण भरलेली गाडी चढावर ओढताना छातीला बसणारा ताण कोणत्याही कायद्याने हलका होत नाही. तो मोटरने होईल. मोटरला बॅटरी पाहिजे. बाजारातील तयार बॅटरी गाडीच्या फळीखाली मावत नाही, मिरचीच्या आणि धान्याच्या धुळीत टिकेल असे कोणी सांगत नाही, आणि भरली गाडी जागची हलविताना लागणारा मोठा विद्युत्प्रवाह तिला झेपत नाही. म्हणून खास बॅटरी करून घ्यावयाची. येथून आपला विषय सुरू होतो.

प्रथम बॅटरी म्हणजे काय ते पाहू. सेल ही वीट आणि बॅटरी ही भिंत, असे समजावे. लिथियम-आयन सेल १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणला आणि ज्या संशोधनावर तो उभा आहे त्याबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या सेलांच्या जाती अनेक आहेत. निकेल, मँगनीज व कोबाल्ट असलेली जात वजनाला हलकी, पण तापल्यावर लवकर भडकणारी. लोह-फॉस्फेटची जात जड, पण स्वभावाने शांत. हातगाडीला किलोभर वजन जास्त झाले तर बिघडत नाही. म्हणून आपण शांत जात घेऊ. तिचा एक सेल ३.२ व्होल्टचा असतो. असे ८ सेल ओळीने जोडले की २५.६ व्होल्ट होतात. प्रत्येक सेल ५० अँपिअर-तासांचा घेतला, तर बॅटरीत १.२८ युनिट वीज मावते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचेच युनिट.

भिंतीला नुसत्या विटा पुरत नाहीत. सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, त्यांचे वेल्डिंग, उष्णता मोजणारे सेन्सर, धूळपाणी आत न शिरू देणारी पेटी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक सेलवर पहारा ठेवणारे सर्किट, ज्याला कारागीर बीएमएस म्हणतात, हे सर्व लागते. एखादा सेल जास्त भरू लागला, जास्त रिकामा झाला वा तापला, की हा पहारेकरी वीज तोडतो.

आता किंमत. ब्लूमबर्गच्या पाहणीप्रमाणे २०२४ साली तयार बॅटरीचा जगातील सरासरी भाव युनिटमागे ११५ डॉलर होता. या हिशेबाने आपली १.२८ युनिटची बॅटरी १४७ डॉलरांना पडावयास हवी. कोटेशन मात्र त्याच्या कितीतरी वर येते आणि सभासद म्हणतात, ‘व्यापारी लुटतो आहे’. लूट असेलही, पण आधी हे पाहिले पाहिजे की ही सरासरी मुख्यत्वे मोटारींचे कारखाने आणि वीजसाठ्याची केंद्रे यांच्या खरेदीवरून निघालेली आहे. ते लाखो सेल एकाच मापाचे घेतात. आपल्याला लागतात २०० बॅटऱ्यांचे मिळून १,६०० सेल. गिरणीतून गाठी उचलणाऱ्याचा भाव सदऱ्याचे कापड घेणाऱ्याला मिळत नाही.

त्याहून मोठे कारण दुसरेच आहे. खास बॅटरीच्या किमतीत दोन जातींचे खर्च असतात. एक खर्च प्रत्येक बॅटरीमागे होतो: सेल, सर्किट, पेटी, मजुरी. दुसरा खर्च एकदाच होतो, मग बॅटऱ्या दहा करा की दहा हजार: आराखडा, नमुने, साचे आणि परीक्षा. हिशेबासाठी हा एकदाचा खर्च ८ लाख रुपये धरू. बॅटऱ्या ४० असतील तर प्रत्येकीवर २०,००० रुपयांचा बोजा पडतो. २०० असतील तर ४,००० रुपयांचा. आणि २,००० असतील तर अवघा ४०० रुपयांचा. माल तोच, कारागीर तेच, तरी भाव निराळा! म्हणून सहकाराचा पहिला धडा येथेच मिळतो. शेजारच्या चार बाजारांतील हमालांनी एकच माप ठरवून एकत्र मागणी केली, तर जी बचत होईल ती व्यापाऱ्याशी महिनाभर भांडून होणार नाही.

एकदाचा खर्च शहाणपणानेही कमी करता येतो. प्लॅस्टिकच्या पेटीला साचा लागतो आणि साचा महाग. २०० नगांना पत्रा वाकवून केलेली पेटी चालते. बॅटरी गाडीप्रमाणे करण्याऐवजी गाडीची फळी दोन बोटे वर उचलली आणि तयार बॅटरी बसली, तर त्याहून उत्तम. खास वस्तू मागण्यापूर्वी ती खास असण्याची गरज आहे काय, हे आधी तपासावे.

भावाविषयी आणखी एक गोष्ट. लिथियमचा भाव स्थिर नसतो. चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव २०२२ च्या अखेरीस टनाला सहा लाख युआनच्या आसपास पोहोचला होता. वर्षभरात तो एक लाखाच्या घरात उतरला. म्हणून कोटेशनवर ‘हा भाव अमुक दिवसांपुरता’ असे लिहिलेले असते. संस्थेची सभा भरून ठराव होईपर्यंत ते दिवस उलटून जातात आणि नव्या भावाने वाद होतो. ठराव आधी करावा, कोटेशन मागाहून मागवावे.

आता मुदतीकडे वळू. माझ्या मते किमतीपेक्षा हा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कारण पैशाची काटकसर डोळ्यांना दिसते, वेळेची चोरी दिसत नाही.

गरज निश्चित करून आराखडा करावयास ३ आठवडे, नमुना करून तो गाडीवर चालवून पाहावयास ४, परीक्षांना ६, सेल मागवावयास ८ आणि उत्पादनाला ४ आठवडे लागतात असे समजू. एकामागून एक केले तर २५ आठवडे होतात. परंतु परीक्षा चालू असतानाच सेलांची मागणी नोंदविली, तर सहा आठवडे आठांत सामावतात आणि काम १९ आठवड्यांवर येते. ही वेळेची रास्त बचत. तिच्यात जोखीम पैशाची आहे: बॅटरी परीक्षेत नापास झाली तर सेलांत पैसा अडकेल. ही जोखीम कोणी उचलावयाची ते करारात लिहावे.

काही वेळ मात्र कापताच येत नाही. लिथियम बॅटरीची वाहतूक करण्यापूर्वी संयुक्त राष्ट्रांच्या नियमपुस्तिकेतील ३८.३ या कलमाच्या परीक्षा व्हाव्या लागतात. त्या आठ आहेत. काही सेलच्या, काही बॅटरीच्या. उष्णतेच्या परीक्षेत बॅटरी ७२ अंश सेल्सिअसला किमान ६ तास, मग शून्याखाली ४० अंशांना ६ तास ठेवतात आणि असे १० फेरे करतात. हेच १२० तास झाले; वर एक दिवस विश्रांती. बॅटरी १२ किलोंहून जड असेल तर प्रत्येक वेळी ६ ऐवजी १२ तास. थरथरीची परीक्षा तीन दिशांनी, प्रत्येक दिशेला ३ तास. वाजवीपेक्षा जास्त वीज भरण्याची परीक्षा २४ तास चालते आणि त्यानंतर ७ दिवस बॅटरीकडे पाहत बसावयाचे, की ती पेट घेते काय. यांपैकी पहिल्या पाच परीक्षा त्याच नमुन्यांवर पाठोपाठ घ्यावयाच्या असतात. पाच माणसे लावून त्या एका दिवसात उरकत नाहीत. बॅटरी रस्त्यावरच्या वाहनाची असेल, तर वाहनांचे निराळे नियम लागतात. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था तशा परीक्षा घेते.

सेलच्या कारखान्यातही असेच. सेल तयार झाला, पहिल्यांदा भरला, की तो लगेच विकावयाचा नसतो. काही दिवस, कधी काही आठवडे, त्याला स्वस्थ ठेवतात आणि पुन्हा व्होल्ट मोजतात. आत सूक्ष्म दोष असेल तर वीज हळूहळू झिरपते आणि व्होल्ट उतरतात. हा दोष कोणत्याही भिंगातून दिसत नाही. तो काळालाच दिसतो. येथे वाट पाहणे म्हणजे आळस नव्हे, ती तपासणीच आहे.

त्यानंतर प्रवास. जगातील बहुतेक सेल आजही चीनमध्ये बनतात. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास बंदी आहे आणि मालवाहू विमानातून नेताना त्या ३० टक्क्यांहून अधिक भरलेल्या चालत नाहीत. म्हणून बहुतेक माल बोटीने येतो, आणि बोट आपल्या घाईने चालत नाही.

आता एखादा व्यापारी म्हणतो, ‘इतर २५ आठवडे सांगतात, मी ६ आठवड्यांत देतो, आणि तेही स्वस्तात.’ त्याने वेळ कोठून आणला, हे विचारलेच पाहिजे. एखादे वेळी त्याच्याकडे त्याच मापाची, आधीच परीक्षा झालेली बॅटरी असेल. मग आनंदाने घ्यावी. पण पुष्कळदा सेल जुन्या बॅटऱ्यांतून काढून नवे वेष्टन चढविलेले असतात, सेन्सर आठांऐवजी एक असतो, सेलांची जुळणी केलेली नसते आणि परीक्षेचा दाखला भलत्याच बॅटरीचा असतो. २०२२ च्या मार्च-एप्रिलात देशात विजेवरच्या दुचाकींना एकामागून एक आगी लागल्या. केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि वाहनांच्या बॅटऱ्यांचे नियम डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक केले. हे शहाणपण आगीनंतर आले.

हमालाची बॅटरी रात्री कोठे भरली जाईल, याचा विचार करा. गाळ्यात, किंवा दहा बाय दहाच्या खोलीत, जेथे मुले झोपलेली असतात. व्यापाऱ्याने वाचविलेल्या आठवड्यांची किंमत तेथे वसूल होते.

स्वस्ताईचाही हिशेब पुरा करावा. एक बॅटरी २०,००० रुपयांची आणि ६०० दिवस टिकणारी. दुसरी २८,००० ची आणि १,५०० दिवस टिकणारी. पहिली दिवसाला ३३ रुपयांना पडते, दुसरी १९ रुपयांहूनही कमी. महाग कोणती?

म्हणून कोटेशन मागताना चार गोष्टी लेखी मागाव्या. एकदाचा खर्च आणि दर नगाचा खर्च निरनिराळे दाखवावेत. सेल कोणत्या कारखान्याचा व कोणत्या जातीचा ते लिहावे. तो बदलला तर परीक्षा पुन्हा लागू शकते, तेव्हा आपल्या संमतीवाचून बदलू नये. परीक्षेचा दाखला याच बॅटरीचा असावा. आणि पैशाचे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधावेत: आराखड्याला काही, संमत नमुन्याला काही, दाखल्याला काही, बाकी माल आल्यावर. आराखडा व साचा यांचे पैसे आपण दिले असतील तर त्यांची मालकी कोणाची, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.

प्रामाणिक कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. त्याची मजुरी त्यामुळेच सुरक्षित राहते. आठ तासांच्या कामाचे दाम मागणाऱ्या आपण कामगारांनी दुसऱ्या कामगाराच्या कामाला लागणारा वेळही मान्य केला पाहिजे. वाजवी दाम आणि वाजवी वेळ द्यावा, आणि त्या दोहोंचा हिशेब कडकपणे मागावा, एवढेच मला सांगावयाचे होते.