टोला कशाने लांब जातो?

नारायणगावी मीना नदीच्या काठच्या मोकळ्या जागेत विटीदांडूचा डाव रंगात आला असता तेथे घटकाभर उभे राहावे. जाणता खेळाडू दांडू हाती येताच तो मनगटाने दोनदा हवेत फिरवून पाहतो आणि पटला नाही तर मुकाट्याने दुसरा उचलतो. दांडू किती भरतो याची त्यास फारशी फिकीर नसते. तो किती चटकन वळतो, एवढेच तो अजमावीत असतो. सॉफ्टबॉलच्या बॅटीविषयी परदेशच्या प्रयोगशाळांनी यंत्रे लावून जे शोधून काढले, त्याचा बराचसा गाभा या दोन फेऱ्यांत आहे.

सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा धाकटा भाऊ. १८८७ साली शिकागो येथील एका नौका-मंडळाच्या दिवाणखान्यात, मुष्टियुद्धाचा हातमोजा गुंडाळून केलेला चेंडू आणि केरसुणीचा दांडा एवढ्या सामग्रीवर त्याचा जन्म झाला. आज महाराष्ट्रातील शालेय स्पर्धांत तो मुलामुलींकडून खेळला जातो, आणि त्यामुळे पुष्कळ घरांत बॅट विकत घेण्याचा प्रसंग येतो. अशा वेळी वडील माणसे वाढत्या अंगाचा सदरा शिवावा त्या हिशेबाने वाढत्या अंगाची बॅट आणतात. बॅट जड असली म्हणजे टोलाही जोराचा बसेल, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत अगदीच निराधार नव्हे. परंतु ती अर्धी आहे, आणि त्या अर्ध्या समजुतीपायी कित्येक मुलींचा खेळ आरंभीच बिघडतो.

चेंडू बॅटीवरून परततो तेव्हा त्याच्या वेगास दोन धनी असतात. एक, फेकणाऱ्याने दिलेला वेग. दुसरा, बॅटीचा स्वतःचा वेग. बेसबॉलच्या लाकडी बॅटीवर झालेल्या मोजमापांवरून असे दिसते की, परतणाऱ्या चेंडूत येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा सुमारे एक पंचमांश उतरतो, तर बॅटीचा वेग सबंध उतरून वर आणखी त्याचा एक पंचमांश पडतो. चेंडू ताशी १०० किलोमीटर वेगाने आला आणि बॅटही तितक्याच वेगाने त्यास भिडली, तर पहिल्याचे २० आणि दुसरीचे १२० मिळून चेंडू ताशी १४० किलोमीटर वेगाने सुटतो. म्हणजे बॅटीचा वाटा सहापट झाला! सॉफ्टबॉलचा चेंडू याहून जड असल्यामुळे लाकडी बॅटीवर येणाऱ्या चेंडूचा वाटा आणखी घटतो. विटीदांडूत तर उडवलेली विटी दांडूकडे येतच नाही. ती जागच्या जागी तरंगते, आणि जो काही वेग द्यावयाचा तो सारा फिरवणाऱ्याच्या हातास द्यावा लागतो.

मग बॅट वेगाने फिरावी कशी? येथे वजनापेक्षा वजनाची मांडणी महत्त्वाची ठरते. कुऱ्हाड दांड्याच्या टोकाशी धरून फिरवावी आणि मग तीच उलटी, पात्याशी धरून फिरवावी. तागडीत वजन एकच. परंतु पहिल्या खेपेस मनगट कुरकुरते आणि दुसऱ्या खेपेस तीच कुऱ्हाड छडीसारखी वळते. तालमीत जोडी फिरवणाऱ्यास हे सांगावे लागत नाही. फिरण्यास होणाऱ्या या विरोधास पदार्थविज्ञानात जडत्वाघूर्ण म्हणतात. हातापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्या ठिकाणच्या वजनाचा विरोध चौपट होतो. म्हणून बॅटीच्या शेंड्याशी चढवलेले दोन तोळे मुठीशी चढवलेल्या पुष्कळ तोळ्यांना भारी पडतात.

या गोष्टीचा निकाल लॉइड स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने लागला. त्यांनी सॉफ्टबॉलच्या बॅटींचे दोन संच केले. एका संचात सर्व बॅटींचे वजन सारखे, पण त्याची मांडणी निरनिराळी. दुसऱ्यात वजने निरनिराळी, पण फिरवण्यास होणारा विरोध सारखा. खेळाडूंनी त्या फिरवल्या तेव्हा पहिल्या संचात वेग बदलत गेला आणि दुसऱ्यात तो जवळजवळ स्थिर राहिला.

तर मग बॅट काडीसारखी हलकी का करू नये? याचे उत्तर चेंडूच्या वजनात आहे. विटी थोड्या तोळ्यांची. तिच्यापुढे कोणताही दांडू जडच, म्हणून तेथे वेगाचेच राज्य चालते. सॉफ्टबॉलचा चेंडू मात्र १७८ ते १९८ ग्रॅमचा असतो, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहूनही जड. त्यापुढे फार हलकी बॅट मागे हटते आणि तिचा वेग वाया जातो. नियमानुसार सॉफ्टबॉलची बॅट ३४ इंचांहून लांब, सव्वादोन इंचांहून जाड आणि ३८ औंसांहून जड असता कामा नये. या मर्यादेच्या आत ज्याने त्याने आपल्या बळास मानवेल ते माप शोधावयाचे. ब्रॅडमनची बॅट सव्वादोन पौंडांच्या आसपास होती, तर तेंडुलकरांची तीन पौंडांहून अधिक. दोघांच्याही धावांविषयी कोणाची तक्रार ऐकिवात नाही!

हलक्या हाताने वळणाऱ्या बॅटीचा आणखी एक लाभ आहे. स्त्रियांच्या सामन्यात चेंडू ४३ फुटांवरून फेकला जातो. तो ताशी १०० किलोमीटर वेगाने आला तर अर्ध्या सेकंदाच्या आतच पोहोचतो, आणि त्यातला तिसरा हिस्सा तरी बॅट फिरवण्यातच खर्ची पडतो. उरलेल्या वेळात चेंडू पाहावयाचा, ओळखावयाचा आणि मारावा की सोडावा हे ठरवावयाचे. जड बॅटीची मुलगी चेंडू नीट दिसण्यापूर्वीच निर्णय करून बसते. प्रशिक्षक तिला घाई करू नको म्हणून बजावतात. पण घाई तिची नसते, बॅटीची असते.

वेग दंडातून येतो हाही एक भ्रम. राखणदार माळ्यावरून गोफण फिरवतो तेव्हा पाय रोवून, कंबर वळवून, मग खांदा आणि शेवटी मनगट सोडतो. टोल्याचा क्रमही हाच. चेंडू बॅटीस चिकटून राहतो तो सेकंदाचा अवघा हजारावा हिस्सा किंवा किंचित अधिक. तेवढ्या अवधीत मुठीचा जोर चेंडूपर्यंत पोहोचूच शकत नाही. टोला शेंड्याशी अगर मुठीकडे बसला तर बॅट थरारते आणि हातास झिणझिण्या येतात. ती कंपने जेथे नाममात्र असतात ती जागा शेंड्यापासून सहा-सात इंचांवर असते, आणि तेथे बसलेला टोला हातास कळतही नाही.

१९७० च्या सुमारास पोकळ ॲल्युमिनियमची बॅट आली आणि प्रकरण निराळे झाले. लाकडावर आपटलेला चेंडू चेपतो आणि त्यात आघाताची बरीच शक्ती नष्ट होते. पोकळ बॅटीचे पातळ अंग मात्र स्वतःच किंचित दबून उसळते, त्यामुळे चेंडू कमी चेपतो. फरशीवर उडी मारणे आणि नवारीच्या पलंगावर मारणे, असा हा भेद आहे. पुढे संमिश्र तंतूंच्या बॅटी आल्या आणि उसळी इतकी वाढली की, चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या जिवाची काळजी वाटू लागली. अमेरिकेच्या सॉफ्टबॉल संघटनेने २००४ साली प्रयोगशाळेतील कसोटीत चेंडूचा सुटण्याचा वेग ताशी ९८ मैलांवर जाऊ नये असा नियम केला. त्या वेगाचा चेंडू ४३ फूट अंतर सेकंदाच्या तीन दशांशात कापतो. डोळ्याने पाहून हात उचलण्यास माणसाला सुमारे दोन दशांश लागतात. चेहरा वाचवण्यास उरतो तो एक दशांश.

दुकानात बॅटीवर इंच आणि औंस लिहिलेले असतात. वजन कोठे आहे ते बहुधा लिहिलेले नसते. ते घरी अजमावता येते. एकाच लांबीच्या दोन बॅटी एका बोटावर आडव्या तोलून पाहाव्या. जिचा तोल शेंड्याकडे सरकलेला, ती सारख्याच वजनाची असली तरी फिरवण्यास बहुधा जड जाणार. प्रयोगशाळेत याहून काटेकोर रीत आहे, पण तीही साधीच. मुठीच्या टोकापासून सहा इंचांवर बॅटीला आधार देऊन ती भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकाप्रमाणे झुलवतात आणि एका हेलकाव्यास किती वेळ लागतो ते मोजतात. तो वेळ, बॅटीचे वजन आणि तोलबिंदूचे स्थान एवढ्यावरून तिचे जडत्वाघूर्ण काढता येते.