मूठ नसलेला स्विच

कोल्हापूरच्या राजारामपुरीत संध्याकाळी वीज गेली, की गॅलरीतून पहिला प्रश्न येतो, "सगळीकडंच गेलीया, का आमच्याच गल्लीत?" सगळीकडे गेली असेल, तर बहुधा उपकेंद्रातल्या एखाद्या रिलेने फीडर, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणारी वाहिनी, ट्रिप केलेला म्हणजे तोडलेला असतो. वाहिनीतला प्रवाह आणि दाब सतत मोजत राहायचे, बिघाड दिसला की ब्रेकरला वाहिनी तोडण्याचा हुकूम द्यायचा, हे रिलेचे काम.

पण माणसाला रिलेलाही काही सांगावे लागते. आज वाहिनीवर माणसे काम करत आहेत, ट्रिप झालास तर आपणहून पुन्हा जोडू नकोस. आता हुकूम दूरच्या नियंत्रण कक्षाचा ऐक, इथला नको. यासाठी पूर्वी पॅनेलवर खरेखुरे स्विच असत. यंत्रचालक मूठ फिरवी, खटका बसे आणि मूठ कुठल्या बाजूला आहे हे खोलीच्या दारातूनही दिसे. प्रत्येक स्विचमागे कॉन्टॅक्ट, तारा आणि टर्मिनलची एक पट्टी असे.

अमेरिकेत एडमंड श्वाइट्झर यांच्या कंपनीने 1984 मध्ये पहिला डिजिटल रिले विकायला काढला. जुन्या रिलेतल्या फिरत्या चकतीच्या जागी गणित करणारा प्रोसेसर आला. रिलेला तर्क लिहून देता येऊ लागला, तसे पॅनेलवरचे बरेच स्विच रिलेच्या स्मृतीत शिरले. आभासी स्विच म्हणजे त्या स्मृतीतली एक जागा. तिथे 1 असेल तर चालू, 0 असेल तर बंद. रिलेवरचे बटण दाबून किंवा नियंत्रण कक्षातून संदेश पाठवून ती जागा बदलायची. मागे एकही नवी तार ओढावी लागत नाही.

याचा उपयोग कुठे होतो? कोल्हापूर ते म्हापसा ही 400 केव्हीची वाहिनी घ्या. ती सह्याद्री ओलांडून गोव्यात उतरते. अशा डोंगरातल्या वाहिनीवर आभाळातली वीज पडली, की इन्सुलेटरवरून ठिणगीचा लोळ जातो आणि रिलेला तो बिघाड दिसतो. प्रत्यक्षात तुटलेले काहीच नसते. दोष असलेली फेज तोडून साधारण 1 सेकंदाने परत जोडली, तर लोळ विझलेला असतो. याला ऑटो-रिक्लोज म्हणतात. शहरातल्या भूमिगत केबलला मात्र हा उपाय नको. केबलचे इन्सुलेशन एकदा फुटले की ते आपोआप सांधत नाही, उलट पुन्हा जोडल्याने जखम वाढते. आणि चालू वाहिनीवर हॉटलाइन पथक चढले असेल, तेव्हा तर ऑटो-रिक्लोज बंदच हवे. त्या वेळी बिघाड झाला, तर तो माणसाच्या अंगावरून गेलेला असू शकतो.

म्हणून रिलेत तर्क लिहिला जातो: ट्रिप झाली, आणि ब्रेकर तयार आहे, आणि ऑटो-रिक्लोजचा आभासी स्विच 1 वर आहे, तरच पुन्हा जोड. तीन अटींतली एक माणसाच्या हातात.

मला या सगळ्यात सर्वात मोलाची वाटते ती जुन्या मुठीची स्मृती. तिला वीज लागत नव्हती. उपकेंद्राची बॅटरी बसली तरी मूठ होती तिथेच राहायची. आभासी स्विचला हे शिकवावे लागते. रिले बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि ऑटो-रिक्लोजचा स्विच मूळच्या 1 वर आला, तर वर चढलेल्या माणसाला कोण सांगणार? त्यामुळे अशा स्विचची स्थिती वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत ठेवावी लागते. स्विचची स्थिती दाखवणाऱ्या दिव्याचेही तसेच. बटण दाबले म्हणून दिवा लागणे उपयोगाचे नाही. स्मृतीतली जागा खरोखर बदलली, तरच तो लागला पाहिजे. चालू आणि बंद असे दोन्ही हुकूम एकाच क्षणी आले तर कोणाचे ऐकायचे, हेही आधीच ठरवायचे, आणि कौल नेहमी माणूस सुरक्षित राहील त्या बाजूला द्यायचा.

मराठीत आणखी एक अडचण आहे. 'ब्रेकर बंद करा' म्हणजे काय? घरात दिवा बंद केला की तो विझतो. पण ब्रेकरचे टोक बंद झाले, म्हणजे मिटले, की वीज सुरू होते. याच घोळामुळे उपकेंद्रात ओपन, क्लोज आणि चार्ज हेच शब्द चालतात. आभासी स्विचला नाव देताना ही काळजी दुप्पट घ्यायला हवी. 'ऑटो-रिक्लोज ब्लॉक बंद' असे कोणी रिलेच्या पडद्यावर लिहून ठेवले, तर रात्रपाळीच्या माणसाने त्यातून काय समजावे? 'ऑटो-रिक्लोज चालू' पुरेसे आहे.

नव्या सोयीचा एक मोठा फायदाही मानला पाहिजे. मूठ कोणी, कधी फिरवली हे फक्त नोंदवहीला ठाऊक असे, तेही लिहिले तर. रिले प्रत्येक बदल मिलिसेकंदासह टिपून ठेवतो. पण दुरून फिरणारा स्विच परकाही फिरवू शकतो. युक्रेनमध्ये 23 डिसेंबर 2015 रोजी घुसखोरांनी नियंत्रण कक्षाच्या संगणकांतून ब्रेकर उघडले आणि सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले. हुकूम इथला ऐकायचा की दूरचा हे ठरवणारा लोकल-रिमोट हा निवड स्विच अजूनही खऱ्या मुठीचाच असावा, असे मला म्हणूनच वाटते.

आणि आभासी स्विच म्हणजे वाहिनीवर काम करण्याचे परमिट नव्हे. गणपतीच्या आगमन मिरवणुकीत राजारामपुरीच्या रस्त्यावर उंच मूर्तीसाठी तार हलवायची वेळ आली, तर लाइनमनला हवा असतो तो डोळ्यांनी दिसणारा उघडा आयसोलेटर, तार मृत असल्याची खात्री आणि दोन्ही बाजूंना लावलेले अर्थिंग. रिलेतला 0 यातले काहीच देत नाही. 'माणसे काम करत आहेत' ही पाटी अडकवायलाही त्याला जागा नाही. ती पाटी आजही ब्रेकरच्या ट्रिप-न्यूट्रल-क्लोज स्विचच्या मुठीला अडकवली जाते, आणि लाइनमन खाली उतरून परमिट परत करेपर्यंत तिथेच लटकत राहते.