महिनाभर उपाशी राहणारा बाप, तोही बुलढाण्याच्या दिवाणखान्यात!

बुलढाणा शहरापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी ३०० किलोमीटरच्या पुढे. खारं पाणी मात्र या जिल्ह्याला नवं नाही. दक्षिणेला लोणारचं सरोवर, उत्तरेला शेगाव-संग्रामपूरच्या बाजूला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. त्यात घरातल्या एका काचेच्या टाकीची भर घालायची झाली, तर पहिला मासा कोणता? माझं उत्तर ठाम आहे: बंगाई कार्डिनलफिश. रुपेरी अंग, काळे उभे पट्टे, पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, खोल दुभंगलेली शेपटी आणि लांबी जेमतेम ८ सेंटिमीटर.

तोंड मिटून संसार

मादी अंडी घालते आणि तिथून पुढचं सगळं नराकडे. ४०-५० अंड्यांचा घोस तो तोंडात घेतो आणि तोंड मिटतो. अंडी फुटायला साधारण २० दिवस लागतात. फुटल्यावरही पिल्लांना मोकळीक नाही. आणखी आठ-दहा दिवस ती बापाच्या तोंडातच. या सगळ्या काळात बाप काही खात नाही! जबडा फुगलेला, समोर खाणं तरंगतंय आणि हा शांतपणे कोपऱ्यात. पहिलटकर नर कधी बिथरून अंडी गिळूनही टाकतो. म्हणून या दिवसांत टाकीत हात घालायचा नाही, काचेवर टकटक करायची नाही. घरातल्या लहान मुलांनाही हे आधीच सांगून ठेवावं.

जगात कार्डिनलफिशच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि बापाने तोंडात अंडी सांभाळणं ही या कुळाचीच रीत. बंगाईचं वेगळेपण त्याच्या पुढचं. बहुतेक सागरी माशांची पिल्लं अगदी बारीक असतात आणि जन्मताच प्रवाहाबरोबर वाहून जातात. बंगाईची पिल्लं तोंडातून बाहेर पडतात ती आईबापांसारखीच दिसणारी, पट्ट्यांसकट! आणि लगेच ताजी फुटलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव) खायला लागतात. आर्टेमियाची अंडी खाऱ्या पाण्यात हवा सोडून ठेवली की दीड दिवसाच्या आत फुटतात. क्लाउनफिशच्या पिल्लांना आधी रोटिफर नावाचे त्याहून सूक्ष्म जीव लागतात आणि ते वाढवणं हा वेगळाच व्याप. बंगाईला तो लागत नाही. म्हणजे समुद्र न पाहिलेल्या मलकापूरच्या घरातही या माशाची पैदास होऊ शकते.

सापडला, विसरला, पुन्हा सापडला

इंडोनेशियातल्या सुलावेसीच्या पूर्वेला बंगाई बेटं आहेत. स्वीडिश संशोधक वॉल्टर काउडर्न यांनी १९२० साली तिथून हा मासा गोळा केला. १९३३ मध्ये कौमान्स या डच शास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढची साठेक वर्षं तो जवळपास विस्मरणात गेला. १९९०च्या दशकात जेराल्ड ॲलन यांनी तो पुन्हा जगापुढे आणला आणि मत्स्यालयवाल्यांची झुंबड उडाली. दरवर्षी लाखो मासे पकडले जाऊ लागले. २००७ मध्ये त्याची नोंद 'धोक्यात आलेली जात' म्हणून झाली. पिल्लं दूर वाहून जात नाहीत, त्यामुळे एका बेटाभोवतीचे मासे संपले की दुसरीकडून येऊन ती जागा भरणारं कुणी नसतं. टाकीत ज्या गुणामुळे त्याची पैदास सोपी, त्याच गुणामुळे समुद्रात तो नाजूक. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा: टाकीत जन्मलेला आहे की समुद्रातून पकडलेला? टाकीत जन्मलेलाच घ्यावा. तो तयार खाण्यालाही लवकर सरावतो.

चुलतभावांच्या करामती

हे कुळ बहुतांशी निशाचर, म्हणून डोळे मोठे. दिवसा आडोशाला, रात्री शिकारीला. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर काही कार्डिनलफिश उचलून एक-दोन किलोमीटर दूर सोडले, तर त्यांतले बरेचसे आपल्या जुन्या जागी परतले. घराचा वास त्यांना ओळखता येतो, असं पुढच्या प्रयोगांत दिसलं.

सिफामिया नावाच्या इवल्या कार्डिनलफिशच्या पोटाशी तर चक्क दिवा असतो! प्रकाश देतात ते आत राहणारे जिवाणू आणि त्या जिवाणूंच्या शास्त्रीय नावात तमिळनाडूतलं मंडपम हे गाव आहे.

टाकीत लोणारचं पाणी चालेल?

नाही. समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या थोडा वर, लोणारचा १० च्या आसपास. तिथल्या पाण्यात सोड्याचे क्षार भरपूर. ते पाणी मिठावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांना मानवतं. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं ते त्यांच्यामुळेच. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. तिथलं पाणी तिथेच राहू द्यावं.

खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणीही उपयोगाचं नाही आणि स्वयंपाकाचं मीठही नाही. मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ आरओच्या पाण्यात कालवायचं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. १०० लिटरच्या टाकीला साडेतीन किलो मीठ लागतं. मग लोणच्यासारखी टाकी मुरू द्यायची, चार ते सहा आठवडे. तेवढ्यात माशांच्या विष्ठेतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू दगडांवर वस्ती करतात. त्याआधी मासा सोडणं म्हणजे त्याचा जीव घेणं.

दगड मात्र कृत्रिमच घ्यावेत, प्रवाळाचे नकोत. प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

वऱ्हाडाचा उन्हाळा कामाला येतो

बंगाईला २४ ते २७ अंशांचं पाणी मानवतं आणि खामगाव-मलकापूरचा मे महिना तर चाळिशीच्या पार. पण इथली हवा कोरडी. पाण्यावर छोटा पंखा लावला की वाफ झपाट्याने निघते आणि पाणी दोन-चार अंशांनी उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय इतका लागू पडत नाही. कूलरच्या बंद खोलीत हवा आधीच ओली, तिथे पंख्याचा जोर कमी पडतो. खिडकी थोडी उघडी ठेवावी. पंखा पुरेनासा झाला तर चिलर घ्यावा लागतो. वाफ उडते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. म्हणून घटलेली पातळी साध्या आरओच्या पाण्याने भरायची, खाऱ्या नव्हे. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी हवा. थंडीत बुलढाण्याच्या गार रात्रींसाठी हीटर हवाच.

मासे दोनच ठेवावेत, नर-मादीची जुळलेली जोडी. जास्त सोडले तर मारामाऱ्या होतात आणि शेवटी बहुधा एकच जोडी उरते.

पिल्लं सुटली की लगेच वेगळ्या पेटीत हलवावीत, कारण मोठे मासे त्यांना खातात. समुद्रात ही पिल्लं काळ्या लांब काट्यांच्या सागरी साळींदराच्या आडोशाला राहतात. टाकीत काळ्या प्लास्टिकच्या केबल टायचा गुच्छ बांधून ठेवला तरी ती त्यात जाऊन बसतात.