नाताळची मुदत आणि खिशातला रेडिओ

अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात तयार झालेला एक छोटा रेडिओ १९५४ सालच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या दुकानांत आला. नाव रीजन्सी टीआर-१. उंची ५ इंच, रुंदी ३ इंच, जाडी सव्वा इंच, वजन बॅटरीसकट साधारण ३४० ग्रॅम. ट्रान्झिस्टरवर चालणारा आणि कुणालाही दुकानात जाऊन विकत घेता येणारा हा जगातला पहिला रेडिओ. किंमत ४९ डॉलर ९५ सेंट, म्हणजे आजच्या हिशेबाने पाचशे डॉलरांच्या वर. इअरफोन हवा असेल तर साडेसात डॉलर वेगळे, चामड्याचे कव्हर हवे असेल तर त्याचे आणखी वेगळे. नाताळची भेट म्हणूनच तो बाजारात उतरवला होता. दर वर्षी नाताळ-दिवाळीला 'कुणाला काय द्यावे' म्हणून जी इलेक्ट्रॉनिक खेळणी आपण न्याहाळत बसतो, त्या सगळ्या गोतावळ्याचा हा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही.

आधीच्या रेडिओंचा जीव काचेच्या व्हॉल्व्हमध्ये असे. व्हॉल्व्हच्या आत बारीक तार तापवावी लागते. ती तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि मगच पुढचे काम सुरू होते. म्हणून बटण फिरवल्यावर रेडिओ बोलू लागेपर्यंत वाट बघावी लागे. हातात धरून नेता येतील असे व्हॉल्व्हचे रेडिओही होते, पण त्यांना दोन वेगळ्या बॅटऱ्या लागत. एक तार तापवायला आणि दुसरी, बहुधा साडेसदुसष्ट व्होल्टची, बाकीच्या कामाला. असला रेडिओ डब्याएवढा मोठा आणि बॅटरीच्या खर्चाने नको जीव करणारा असे.

ट्रान्झिस्टरला काही तापवावे लागत नाही. न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटेन यांनी डिसेंबर १९४७मध्ये जर्मेनियमच्या तुकड्यावर तो पहिल्यांदा चालवून दाखवला. विल्यम शॉकली यांनी पुढे त्याचे अधिक भरवशाचे रूप मांडले, आणि १९५६ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. पण शोध लागला म्हणजे वस्तू घराघरांत पोचली असे होत नाही. पहिली काही वर्षे ट्रान्झिस्टर लष्कराकडे आणि टेलिफोन कंपनीकडेच जात होते. सामान्य गिऱ्हाइकाला ते सर्वप्रथम मिळाले ऐकू येण्याच्या यंत्रात, १९५२ सालाच्या अखेरीस, आणि त्या यंत्राची किंमत दोनशे डॉलरांच्या पुढे होती.

भाव उतरत नव्हते, कारण माल कमी निघत होता. माल कमी निघत होता, कारण मागणी नव्हती. आणि मागणी कुठून येणार, भाव जर असे चढे! हा फास तोडायचे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या डॅलसच्या कंपनीतल्या पॅट हॅगर्टी यांनी मनावर घेतले. कंपनी मुळात तेलाचे साठे शोधण्यासाठी जमिनीखालचे थर तपासण्याच्या धंद्यातली. ट्रान्झिस्टर बनवायचा परवाना तिने १९५२ साली २५ हजार डॉलर भरून घेतला, तेव्हा असल्या लहान कंपनीला हे झेपेल का, अशी शंका जाणकारांना होती. हॅगर्टींचा हिशेब वेगळाच होता. त्यांना रेडिओ विकायचा नव्हता, ट्रान्झिस्टर विकायचा होता. रेडिओ ही त्याची जाहिरात. घाऊक प्रमाणावर, परवडेल अशा भावात आणि एकसारख्या दर्जाचे ट्रान्झिस्टर निघू शकतात हे साऱ्या उद्योगाला दिसले पाहिजे, आणि ते दिसायला दुकानाच्या काचेइतकी चांगली जागा नाही.

म्हणून मुदत ठरली ती नाताळची. आपल्याकडे सोन्याचांदीचे किंवा गाड्यांचे व्यापारी दसरा हुकू देत नाहीत, तसाच तिकडच्या दुकानदारांचा जीव नाताळाआधीच्या आठवड्यांत अडकलेला असतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या इंजिनिअरांनी मे १९५४मध्ये नमुना म्हणून एक रेडिओ चार दिवसांत जुळवून दाखवला. तो घेऊन हॅगर्टींची माणसे मोठमोठ्या रेडिओ कंपन्यांकडे गेली. कुणी दारात उभे केले नाही. व्हॉल्व्हचा धंदा उत्तम चालला असताना नसती उठाठेव कोण करणार? शेवटी हो म्हणाली ती आय.डी.ई.ए. ही इंडियानापोलिसची लहान कंपनी. टीव्हीचा सिग्नल वाढवणारी उपकरणे ती रीजन्सी या नावाने विकत होती, आणि तिला नव्या मालाची गरज होती.

या कहाणीतला मला सगळ्यात आवडणारा माणूस रिचर्ड कॉख, रीजन्सीचा इंजिनिअर. डॅलसहून आलेल्या नमुन्यात सहा ट्रान्झिस्टर होते. ठरलेला भाव एका ट्रान्झिस्टरला अडीच डॉलर. पन्नास डॉलरांच्या रेडिओत सहा ट्रान्झिस्टर म्हणजे पंधरा डॉलर तिथेच संपले, आणि स्पीकर, डबा, मजुरी, दुकानदाराचा नफा हे सगळे अजून बाकीच. कॉखने काटछाट करत ते चारावर आणले. बाहेरून आलेली लहर रेडिओच्या आतल्या लहरीत मिसळण्याचे काम आणि ती आतली लहर निर्माण करण्याचे काम त्याने एकाच ट्रान्झिस्टरवर टाकले. दोन ट्रान्झिस्टर आलेला सिग्नल वाढवायला ठेवले. त्यातून आवाज वेगळा काढायला ट्रान्झिस्टर न वापरता साधा डायोड बसवला. चौथा ट्रान्झिस्टर स्पीकरला ढकलणारा. झाले. नंतर या रचनेचे पेटंटही त्याच्या नावावर लागले.

यात एक बारीक गोष्ट आहे. स्टेशन कुठलेही लावा, रेडिओ आतल्या आत ते एका ठरावीक कंपनसंख्येवर आणतो आणि मग वाढवतो. व्हॉल्व्हच्या रेडिओत हा आकडा सामान्यतः ४५५ किलोहर्ट्झ असे. टीआर-१मध्ये तो २६२ ठेवला आहे. त्या काळचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर कंपनसंख्या वाढली की दमत, त्यांची वाढवण्याची ताकद झपाट्याने उतरे. ट्रान्झिस्टरला जे जमत नाही ते त्याच्याकडून मागायचेच नाही, असा तो सरळ व्यवहार होता. एका घाण्यातून निघालेले दोन ट्रान्झिस्टरही सारखे नसत. एकेक तपासून, कुठला कुठे चालेल ते बघून वेगळे काढावे लागत. भाग तर सगळेच लहान हवे होते आणि असे लहान भाग बाजारात नव्हतेच. ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर, पावणेतीन इंचांचा स्पीकर, सगळे पुरवठादारांच्या मागे लागून नव्याने करून घेतले. बॅटरी मात्र तयार मिळाली. ती साडेबावीस व्होल्टची होती, मूळची ऐकू येण्याच्या यंत्रांसाठी बनवलेली, आणि वीस तासांहून जास्त चालणारी.

डब्याचे रूप शिकागोच्या पेंटर, टीग अँड पीटरटिल या मंडळींनी काही आठवड्यांत ठरवले. वर सोनेरी गोल तबकडी, खाली बारीक भोकांची जाळी, कडेला आवाज कमीजास्त करायची चकती. रंग काळा, हस्तिदंती, लाल आणि राखाडी. पुढे आणखी बरेच आले. तबकडीवर नीट पाहिले तर ६४० आणि १२४० किलोहर्ट्झच्या जागी दोन छोट्या खुणा दिसतात. अणुहल्ला झाला तर सरकारी सूचना फक्त या दोन ठिकाणी ऐकू येतील अशी अमेरिकेत तेव्हा व्यवस्था होती, आणि १९६३पर्यंत प्रत्येक रेडिओवर या खुणा असणे कायद्याने सक्तीचे होते. नाताळच्या भेटवस्तूवर अणुयुद्धाची खूण! शीतयुद्धाचा काळ समजून घ्यायला एवढे पुरे आहे.

१८ ऑक्टोबर १९५४ला घोषणा झाली. पहिल्या नाताळात मागणीइतके नग कंपनीला पुरवता आले नाहीत. पुढे विक्री लाखाच्या वर गेली, पण नफा बेताचाच राहिला. भाव आणखी दहा-पंधरा डॉलर चढा ठेवायला हवा होता, असे रीजन्सीच्या मालकांना नंतर वाटत राहिले. वस्तू म्हणून तो फार चांगला होता असेही नाही. ग्राहकांसाठी वस्तूंची परीक्षा करणाऱ्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' मासिकाने १९५५च्या एप्रिलमध्ये त्याला नापसंती दाखवली. बोलणे ठीक ऐकू येते, संगीत मात्र चिरके लागते, असे त्यांचे मत पडले. ते खरेच होते. पावणेतीन इंची स्पीकरमधून सतार किंवा चेलो काय कळणार? पण शाळा-कॉलेजातल्या मुलांना चेलो ऐकायचा नव्हताच. त्यांना रॉक अँड रोल हवे होते, आणि तेही आईवडिलांच्या दिवाणखान्याबाहेर.

भेट म्हणून या रेडिओने केलेली सर्वांत मोठी कामगिरी मुलांच्या खोलीत घडलीच नाही. ती घडली आयबीएममध्ये. त्या कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन धाकटे यांना संगणकातून व्हॉल्व्ह हद्दपार करायचे होते, आणि त्यांचे इंजिनिअर ट्रान्झिस्टरवर भरवसा ठेवायला तयार नव्हते. वॉटसन यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की त्यांनी असे शंभर रेडिओ विकत घेतले आणि कुणी कुरकुर केली की एक त्याच्या हातात ठेवायचा. पुढे १९५७ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही आयबीएमला ट्रान्झिस्टर पुरवणारी मोठी कंपनी झाली. हॅगर्टींची जाहिरात नेमक्या गिऱ्हाइकापर्यंत पोचली होती. चित्रपटनिर्माते माइक टॉड यांचा वापर त्यामानाने हौशीचा. 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' हा त्यांचा चित्रपट १९५६मध्ये आला, तेव्हा त्यांनी पुस्तकासारख्या दिसणाऱ्या डब्यांत हेच रेडिओ बसवून घेतले आणि मित्रमंडळींना वाटले.

त्याच सुमारास, एप्रिल १९५५मध्ये, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले होते. गदिमांचे शब्द आणि सुधीर फडक्यांची चाल ऐकायला ज्या घरी रेडिओ असेल तिथे शेजारीपाजारी जमत. रेडिओ व्हॉल्व्हचा, फळीवर ठेवलेला आणि परवान्याचे पैसे भरून घेतलेला. वीज नसलेल्या गावांपर्यंत रेडिओ खऱ्या अर्थाने पोचला तो पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर. मग तो शेताच्या बांधावर आला, खांद्याला अडकवून जत्रेत गेला, आणि लग्नात घड्याळ-सायकलीच्या जोडीने जावयाच्या मागण्यांतही जाऊन बसला.

स्वस्त करण्याचे ते काम मात्र रीजन्सीकडून झाले नाही, जपानकडून झाले. टोकियो त्सुशिन कोग्यो ही कंपनीही परवान्यासाठी तेवढेच २५ हजार डॉलर मोजून या धंद्यात उतरली होती. तिचा पहिला विक्रीचा रेडिओ ऑगस्ट १९५५मध्ये आला, त्यावर सोनी हे नाव होते. १९५७चा टीआर-६३ हा सहा ट्रान्झिस्टरांचा रेडिओ अमेरिकेत ३९ डॉलर ९५ सेंटला मिळू लागला. आज धूर ओळखणाऱ्या गजरात किंवा गिटारच्या पेडलमध्ये दिसते ती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी या रेडिओमुळेच रूढ झाली. खिशात मावणारा म्हणून त्याचा गाजावाजा झाला, पण तो नेहमीच्या शर्टाच्या खिशापेक्षा किंचित मोठा होता. सोनीचे अकिओ मोरिता यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे की विक्रेत्यांसाठी थोड्या मोठ्या खिशाचे शर्ट शिवून घेतले होते!

१९५८च्या जानेवारीत, नाताळचा हंगाम नुकताच ओसरला असताना, न्यूयॉर्कमधल्या एका वितरकाचे गोदाम फोडून चोरांनी सोनीचे चार हजार रेडिओ पळवले. गोदामात इतर कंपन्यांचे रेडिओही रचलेले होते, त्यांना कुणी हात लावला नाही. बातमी वर्तमानपत्रांत छापून आली, आणि जाहिरातीवर पैसा न खर्चता सोनीचे नाव घरोघर झाले.