लाकडाचा नंदी, घरातले यंत्र आणि ज्येष्ठांची प्रकृती

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. लहान मुले लाकडी नंदी सजवून, दोरीने ओढत घरोघरी नेतात आणि बोजारा घेऊन परततात. हा नंदी पूर्वी सुताराच्या पटाशीतून उतरत असे. आता टेबलावर मावणाऱ्या सीएनसी यंत्रावरही तो कोरता येतो. निवृत्तीनंतर असा छंद जोपासणाऱ्या ज्येष्ठांसाठी, आणि ‘या वयात हे कशाला?’ असे विचारणाऱ्या त्यांच्या घरच्यांसाठी, हा लेख आहे.

यंत्र काय करते, माणूस काय करतो

सीएनसी म्हणजे संगणकाने दिलेल्या आकड्यांनुसार हत्यार चालवणारे यंत्र. असे कातणारे यंत्र अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५२ साली दाखवण्यात आले, तेव्हा ते कारखान्यापुरतेच होते. आज ‘३०१८’ या नावाने मिळणाऱ्या छोट्या यंत्राचे माप त्याच्या नावातच आहे: सुमारे ३० सेंटीमीटर लांब आणि १८ सेंटीमीटर रुंद. खोली मात्र साडेचार सेंटीमीटरच्या आसपासच मिळते. फिरणारे पाते, म्हणजे बिट, डावी-उजवीकडे, मागे-पुढे आणि वर-खाली सरकते.

बिट वरून उतरते, त्यामुळे लाकडाच्या खालच्या बाजूला ते पोचत नाही. म्हणून नंदीचे डावे व उजवे असे दोन अर्धे भाग वेगळे कोरून नंतर चिकटवतात. आधी जाड बिटने फाजील लाकूड काढतात, मग गोल टोकाच्या बारीक बिटने अंगाचा गोलवा आणतात. या दुसऱ्या फेरीत बिट अगदी जवळजवळच्या ओळींनी फिरत असल्याने कित्येक तास लागू शकतात.

पण लाकडाची पारख यंत्राला नसते. फळीच्या रेषा नंदीच्या पायांच्या दिशेने उभ्या ठेवल्या नाहीत, तर बारीक पाय मुलाच्या पहिल्याच ओढीत मोडतो. वशिंड किती उंच असावे, शिंगे वेगळी कोरून कशी बसवावीत, गाठ कोठे टाळावी, हे अनुभवी माणूसच सांगतो. ज्यांनी कारंज्याच्या जैन मंदिरांतील लाकडी कोरीव काम पाहिले आहे, त्यांना डोळ्याचे आणि सबुरीचे मोल वेगळे सांगायला नको.

थरथरणाऱ्या हातांचे काय?

माझ्याकडे येणाऱ्या सत्तरी ओलांडलेल्या एका सुतारकाकांचे हात काही वर्षांपासून थरथरू लागले होते. चहाचा कप उचलताना, सही करताना कंप वाढे. हात मांडीवर स्वस्थ असताना तो दिसत नसे. पटाशी सुटली आणि तिच्याबरोबर माणसांत जाणेही सुटले. जेवण कमी झाले. घरची मंडळी ‘ताकदीचे औषध’ मागायला आली होती.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रत्येक कंप हा पार्किन्सनचा आजार नसतो. काम करताना वाढणारा कंप बहुधा वेगळ्या जातीचा असतो. पार्किन्सनचा कंप पुष्कळदा हात स्वस्थ असताना अधिक दिसतो. थायरॉइडचा विकार आणि दम्याची काही औषधेही हात थरथरवतात. म्हणून कंपाला ‘म्हातारपण’ म्हणून सोडून न देता एकदा तपासून घ्यावे.

काकांच्या नातवाने घरी यंत्र आणले. संगणक नातू पाहतो, लाकूड काका पाहतात. बिट कोठे टेकणार हे आकडे ठरवत असल्याने हाताचा कंप कामात उतरत नाही. काका पुन्हा जेवू लागले, लोकांत बसू लागले. परंतु तीन महिन्यांनी ते कोरडा खोकला घेऊन आले. यंत्र त्यांच्या झोपण्याच्याच खोलीत होते. घरच्यांनी ते विकायचे ठरवले होते. मी त्यांना सुचवले की, यंत्र विकण्याआधी त्याची जागा बदलून पाहा. ते मागच्या पडवीत गेले, मास्क आला, औषध सुरू झाले आणि खोकला निवळला. काम थांबवणे हा सर्वांत सोपा सल्ला असतो. पण त्याची किंमत ज्येष्ठ माणूस मोजतो.

भुश्यापासून सावध

लाकडाची बारीक धूळ निरुपद्रवी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली तिला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. हा धोका प्रामुख्याने वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांचा आहे. छंद करणाऱ्याने घाबरू नये, परंतु बेफिकीरही राहू नये. सागवान आणि शिसवाच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, दमा उसळतो. एमडीएफच्या फळीत फॉर्माल्डिहाइडयुक्त चिकट द्रव्य असते. ती बंद खोलीत मुळीच कोरू नये.

सर्वांत बारीक धूळ काचपेपरने घासताना उडते. तेव्हा नाकाला नीट घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावावा. उपरणे किंवा रुमाल पुरेसा नाही. सफाई कोरड्या झाडूने न करता ओल्या फडक्याने किंवा व्हॅक्यूमने करावी. दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असल्यास यंत्र घेण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे.

कान, डोळे, कपडे

हाताच्या अंतरावरील माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक आहे असे समजावे. आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबल ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. कानात कापूस घालून भागत नाही. इअरप्लग किंवा इअरमफ वापरावा. वाचनाचा चष्मा हा संरक्षक चष्मा नव्हे.

फिरत्या बिटजवळ पदर, धोतराचा सोगा, गळ्यातील माळ, मोकळे केस नकोत. हातमोजेही नकोत, कारण ते पात्यात ओढले जातात. लाकूड शिकंज्याने पक्के आवळावे, हाताने धरू नये. मधुमेहींनी अनवाणी वावरू नये. बधिर तळव्यात रुतलेली ढलपी कळतही नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास बिट बदलण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे. जखम झालीच, तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे. रक्त न थांबल्यास तत्काळ दवाखाना गाठावा. पेसमेकर असल्यास हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच मोटारीजवळ जावे.

आपल्याकडे विजेचा नेम नाही. वीज जाताच यंत्राचे मुख्य बटण बंद करावे; नाही तर ती परतताच बिट अचानक फिरू शकते. चालू यंत्र सोडून जेवायला अथवा झोपायला जाऊ नये, कारण अडकलेले बिट घासून तापते आणि भुसा पेट घेऊ शकतो. चकाकीसाठी जवसाचे तेल लावल्यास, तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. तो आपोआप तापून पेटू शकतो. चिंध्या मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात. नंदी लहान मुलांच्या हाती जाणार असल्याने रंग शिसेविरहित घ्यावा आणि सुटतील असे बारीक भाग लावू नयेत.

सांभाळणाऱ्यांसाठी

घरातील ज्येष्ठांची स्मृती क्षीण होत असेल, तर यंत्राची चावी आपल्याकडे ठेवावी. पण रंग देणे, झूल शिवणे, घुंगरू बांधणे ही कामे त्यांच्याकडे जरूर द्यावीत. इतरांना दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालायला सांगावे, पाणी द्यावे; गोळ्यांची आणि जेवणाची वेळ चुकू देऊ नये. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, एकाच नाकपुडीतून वारंवार येणारे रक्त, कानात सतत गुणगुण किंवा नव्याने सुरू झालेला कंप यांपैकी काही आढळल्यास तपासणी लांबवू नये.

आणि ‘आता कशाला हा उद्योग?’ हा प्रश्न ओठांवर आलाच, तर त्याऐवजी ‘मी कोणते काम करू?’ असे विचारून पाहा. यंत्रापाशी दुसरे माणूस असणे हीच सर्वांत मोठी सुरक्षितता आहे.