हार्डकोर पंक आणि मुंबईचा ‘स्क्राइब’

शैली : १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पंक रॉकमधून निघालेली शाखा. लय अधिक वेगवान, गाणी बहुधा एक-दोन मिनिटांची.

पंक व हार्डकोर : पंकमध्ये चाल ओळखू येते, हार्डकोरमध्ये शब्द ओरडून म्हटले जातात. गायक माइक प्रेक्षकांपुढे धरतो, पुढची ओळ तेच म्हणतात.

प्रमुख गायक
- इयन मकाय : ‘मायनर थ्रेट’ (१९८०–८३). १९८० मध्ये ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’चे सहसंस्थापक.
- हेन्री रोलिन्स : १९८१ पासून ‘ब्लॅक फ्लॅग’मध्ये. १९८६ मध्ये बँड फुटल्यावर ‘रोलिन्स बँड’, लेखन, अभिनय.

महाराष्ट्रात
- ‘स्क्राइब’ : मुंबईचा बँड, स्थापना २००५. शैली मेटलकोर, म्हणजे हार्डकोर व मेटल यांचा मिलाफ.
- गायक : विश्वेश कृष्णमूर्ती.
- अल्बम : ‘कन्फेक्ट’ (२००८), ‘मार्क ऑफ तेजा’ (२०१०), ‘हेल मोगॅम्बो’ (२०१४).
- तेजा हा ‘अंदाज अपना अपना’ (१९९४) या चित्रपटातला खलनायक, तर मोगॅम्बो ‘मिस्टर इंडिया’तला (१९८७).
- बेस गिटारवादक श्रीनिवास सुंदरराजन चित्रपट दिग्दर्शकही आहेत.